निवल्यावर मोजायचं

कोल्हापुरात जुनी गाडी बघायला गेलं, की पहिला प्रश्न मॉडेल कुठलं हा नसतो. किती फिरली, हाही नसतो. पहिला प्रश्न असतो, "एकोणीसला कुठं होती?"

एकोणीस म्हणजे २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आमच्याकडं शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं. त्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांवर गेलं. शिरोलीपाशी महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. सखल भागातल्या पार्किंगमध्ये गाड्यांचे नुसते टप दिसत होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. अशी बुडालेली गाडी विम्यात 'टोटल लॉस' होते, लिलावात कुणीतरी उचलतं, धुऊन-पुसून चकाचक करतं आणि वर्षा-दोन वर्षांनी ती भलत्याच गावात 'एक नंबर कंडिशन' म्हणून उभी राहते. म्हणून कोल्हापूरकर बॉनेट उघडायच्या आधी सीटबेल्ट ओढतो.

मीही ओढला. नागाळा पार्कात एका डॉक्टरांच्या पोर्चमध्ये गाडी उभी होती. ड्रायव्हरच्या सीटवर बसून मी पट्टा पार शेवटपर्यंत, पुढं येईनासा होईपर्यंत ओढला. रोज दिसणारा हातभर पट्टा सगळेच धुतात. आतल्या रिळावर गुंडाळलेला भाग धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. गाडी पाण्यात राहिली असेल तर तिथं गाळाची तपकिरी रेघ सापडते आणि वास येतो, नदी ओसरल्यावर गल्लीला येतो तो. मी पट्टा नाकाला लावला. डॉक्टर बघत होते.

"पाण्यात नव्हती," ते म्हणाले. "पाणी चढायच्या आदल्या रात्रीच वर माळावर नेऊन लावली. फ्रीजच्या आधी गाडी हलवली, हे आमच्या मिसेस अजून बोलून दाखवतात."

पट्टा कोरा होता. हात सोडल्यावर तो घाई न करता, सुर्र करत जागेवर गेला. माझ्या स्विफ्टचा पट्टा आता हातानं आत ढकलावा लागतो. तो सुर्र आवाज मला फार आवडला आणि तिथूनच माझी पंचाईत सुरू झाली.

गाडी होती मर्सिडीज ई-क्लास, ई २५० सीडीआय, २०१४ ची. गडद निळी, रात्री काळी दिसणारी. ७८ हजार किलोमीटर, पहिलाच मालक, एमएच ०९ पासिंग, एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरपाटीसुद्धा बसवलेली. नवी घेतली तेव्हा सगळं मिळून पन्नास लाखांच्या आसपास गेले होते, असं डॉक्टर म्हणाले. आता मागत होते पावणेतेरा लाख. पावणेतेरा लाखांत आजकाल बरी एसयूव्हीसुद्धा वरच्या मॉडेलची येत नाही.

माझं वय सत्तेचाळीस. शिरोली एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), तीन लेथ, नऊ माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही बोअर मारतो, फेस काढतो, पाठवून देतो. कर्ज आहे, पण झोप उडवणारं नाही. रात्री साडेअकरानंतर माणूस मोबाइलवर जे बघतो त्याची त्याला सकाळी लाज वाटते. मी गाड्या बघत होतो.

त्या जाहिरातींची एक स्वतंत्र भाषा आहे. 'सिंगल हँड', 'डॉक्टर युज्ड', 'लेडीज ड्रिव्हन', 'कंपनी मेंटेन्ड'. 'एक रुपयाचा खर्च नाही' असं दिसलं की समजायचं, रुपयाचा नाही, लाखाचा आहे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गदा आली तेव्हापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन खाली सरकायला लागल्या. त्या स्वस्त दिसतात, पण इथं आल्यावर महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा भरायचा, आणि तिथल्या थंडीत, धुक्यात, मालकाच्या मागं तिचं काय झालंय ते शोधायला कोण जाणार? एका रात्री एमएच २० पासिंगची एक दिसली आणि मला २०१० आठवलं. औरंगाबादच्या उद्योजकांनी तेव्हा एकी करून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. पेपरात फोटो आले होते, आमच्या उद्यमनगरातही महिनाभर दुसरा विषय नव्हता. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे त्या सगळ्या गाड्यांची मुदत आता संपत आली किंवा संपली. पुढं पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं, वर पर्यावरण कर भरायचा. त्या दीडशेतल्या आता किती जणी मूळ दारात उभ्या असतील, कोण जाणे. मला त्या आकड्यापेक्षा त्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकांना भेटायला आवडेल. नवी गाडी घेणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. जुनी घेणाऱ्याला मात्र गाडीचं खरं काय ते ठाऊक असतं.

खरं सांगायचं तर ही हौस त्याहून जुनी आहे. आमच्या दसरा चौकात दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक येते. १९३० च्या दशकातली जर्मन गाडी. मी पहिल्यांदा बघितली ती आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, खांद्यावर बसून. सगळी माणसं सोनं लुटायच्या गडबडीत आणि आबा वर मान करून मला सांगत होते, "आवाज ऐक, आवाज." त्या गर्दीत कसला आवाज ऐकू येतोय! पण आबांना यायचा. ते फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, साच्यासाठी लाकडी नमुने घडवायचे. गाडीचा रंग, काचा, आत कोण बसलंय, यातलं काही त्यांना दिसत नसावं. त्यांना फक्त इंजिन दिसत असावं, तेही झाकलेलं.

तर डॉक्टरांच्या गाडीत बसून मी दार ओढून घेतलं. ओढून घेतलं म्हणण्यापेक्षा ते माझ्या हातातून जाऊन बसलं. बाहेर एक माणूस ओरडून फोनवर बोलत होता, त्याचं तोंड हलत राहिलं आणि आवाज तुटला. पलीकडच्या बंगल्यातला कुत्रा भुंकत होता, तोही मुका झाला. मी दार परत उघडलं, परत लावलं. असं तीनदा केल्यावर डॉक्टर हसले. "मीही असंच केलं होतं," म्हणाले.

चालवून बघायला कसबा बावड्यावरून शियेकडं गेलो. रस्ता खाली आहे हेच विसरायला झालं. फक्त एका गावठी स्पीडब्रेकरवर पोटाला खर्र करून लागलं आणि तो आवाज थेट माझ्या पोटात आला.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. घरी येऊन वही काढली तिथून अवघड झालं.

जुन्या आलिशान गाडीचा हिशेब लोक चुकतात तो एकाच जागी. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. पावणेतेरा लाखांच्या गाडीला पावणेतेरा लाखांच्या गाडीचा हेडलाइट बसत नाही, पन्नास लाखांच्या गाडीचाच बसतो. बाजारानं तिला म्हातारी ठरवलं म्हणून डीलरच्या पार्ट लिस्टमध्ये तिला सवलत मिळत नाही. पहिल्या मालकानं दहा वर्षांत जे पस्तीस-चाळीस लाख घालवले, ते आपण वाचवले असं वाटतं. प्रत्यक्षात तो खर्च करणाऱ्याची खुर्ची रिकामी झालेली असते आणि आपण तिच्यावर बसायला निघालेलो असतो.

विम्याचं वेगळंच. दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला नुसतं थर्ड पार्टीच ७,८९७ रुपये, वर जीएसटी. ते सोडा. एवढ्या जुन्या गाडीला झीरो डेप, म्हणजे झिजेची वजावट न करणारी पॉलिसी, सहसा कुणी देत नाही. मग साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि गाडी दहा वर्षांच्या पुढं गेली की पत्र्याचेही निम्मेच. काचेला तेवढी कात्री नाही. आता या गाड्यांचा पुढचा बंपर कशाचा असतो? प्लॅस्टिकचा. मी कधीकाळी उत्साहानं 'अहो पण विमा असतो की' म्हणालो होतो, ते शब्द गिळले. डॉक्टरांचा नो क्लेम बोनसही मला मिळणार नव्हता, तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो.

आमचे सीए म्हणाले, "धंद्याच्या नावावर घ्या, पंधरा टक्के घसारा मिळेल. जीएसटीचं क्रेडिट मात्र मिळत नाही हां गाडीवर." डीलरकडून घेतली असती तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी त्यानं माझ्याच किमतीत कालवला असता. डॉक्टरांकडून थेट घेण्यात ती भानगड नव्हती. फॉर्म २९, फॉर्म ३०, त्यांचं कर्ज फिटल्याचा ३५, झालं. घसारा हा शब्द मला पहिल्यापासून आवडतो. डिप्रीसिएशन म्हटलं की कागद दिसतो, घसारा म्हटलं की टायर दिसतो.

पैशांइतकाच दुसरा हिशेब होता आणि तो वहीत मांडता येत नव्हता. शिरोलीत शॉपच्या दारात कुठली गाडी उभी आहे, हे कोटेशनच्या आधी वाचलं जातं. मोठ्या कंपनीचा परचेसचा माणूस येतो, चहा पितो, मशीन बघतो, आणि जाताना दारातल्या गाडीवरून नजर फिरवतो. आमच्या ओळीतल्या एकानं मोठी गाडी घेतली. पुढच्याच महिन्यात त्याला रेट कमी करायचा निरोप आला. "साहेब, तुमचं बरं चाललंय की." गाडीचा आणि रेटचा खरंच संबंध होता का, देवाला माहीत. पण तेव्हापासून तो गडी गाडी अलीकडच्या वजनकाट्यावर लावतो आणि शंभर पावलं चालत शॉपला येतो. हातात डबा. एवढी हौसेची गाडी आणि तिला आपल्याच दारात उभी करायची चोरी! बँकेत मात्र उलटं. तिथं तोच गाडी अगदी मॅनेजरच्या खिडकीसमोर लावतो.

मी दोन्ही बाजू मनात घोळवल्या. मला वजनकाटा परवडला नसता. आणि खिडकीची गरज नव्हती. मग गाडी कुणाला दाखवायची होती मला? हा प्रश्न मी दोन रात्री टाळला.

बायको शॉपचे हिशेब बघते. तिनं माझी वही वाचली. ती विरोधात होती असं अजिबात नाही. डॉक्टरांकडं ती मागच्या सीटवर बसली होती आणि उतरताना "सीट मऊ आहे हो" असं दोनदा म्हणाली होती. तिनं बेरीज तपासली, एक हातचा चुकला होता तो दुरुस्त केला आणि विचारलं, "अहो, जूनमध्ये दोन नंबरच्या मशीनचा स्पिंडल गेला, तेव्हा काय केलं आपण?"

"एफडी मोडली."

"का?"

"मशीन बंद ठेवून चालत नव्हतं."

"हं. ही सहावी मशीन. फक्त ही बिल काढणार नाही." तिनं वही मिटली आणि भाकरी थापायला घेतल्या. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

तरी मी गाडी मेकॅनिकला दाखवायचं ठरवलं. कारण मन वळत नव्हतं आणि मला वाटत होतं गाडीत काहीतरी सापडेल. सापडलं तर माझ्यावर निर्णयाची पाळीच येणार नाही. नकार गाडीनंच दिला तर किती बरं.

उद्यमनगराला लागून एका गल्लीत एक पोरगा फक्त अशाच गाड्यांचं काम करतो. तिशीचा असेल. पुण्यात कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सात वर्षं काढून परत आला. त्यानं अट घातली, "दादा, गाडी रात्रभर गार पाहिजे. सकाळी चालू करून आणली की मला काय दाखवणार तुम्ही?" म्हणून डॉक्टरांना विचारून शनिवारी संध्याकाळीच गाडी त्याच्याकडं लावली. रविवारी सकाळी निघालो, तर आबा चप्पल घालून दारात उभे. त्यांना मर्सिडीजचं काही नव्हतं. उद्यमनगर म्हटलं की ते निघतात. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, पण वारा फिरला आणि जळक्या वाळूचा वास आला की अजून मान वर होते.

पोरानं चावी फिरवली. क्षणभर खरखर, मग डिझेलची टकटक, मग आवाज बसला. धूर नाही. तो काही न बोलता ऐकत राहिला. आबा म्हणाले, "बैल बरा उठला."

पोरगा वळून बघायला लागला. मग आबांनी सांगितलं. त्यांचे वडील वडगावच्या बाजारात बैल घ्यायला जायचे. विकणारा शिंगं रंगवून, तेल चोपडून, झूल घालून बैल उभा करतो. दात सगळेच बघतात, दोनदाती का चारदाती का जुळलेला. आजोबा तसल्या उभ्या बैलाकडं बघायचेच नाहीत. ते पहाटे अंधारात बाजारात पोचायचे आणि बसलेला बैल उठताना बघायचे. गुडघा मोडतोय का, मागचा पाय आधी टाकतोय का. एकदा उभा राहून चार पावलं चालला की मग त्याची खोड दिसत नाही. भाव ठरायचा तो रुमालाखाली, बोटं दाबून, तोंडानं एक आकडा नाही. "तेच करतोय हो काका मी," पोरगा म्हणाला आणि त्यानंतर त्यानं जे काही सांगितलं ते मला नाही, आबांना सांगितलं.

त्यानं स्कॅनर लावला. जुन्या नोंदी निघाल्या, बहुतेक बॅटरी उतरल्यावेळच्या. किलोमीटर एकाच जागी लिहिलेले नसतात, ते त्यानं तीन-चार ठिकाणी ताडून पाहिले, जुळले. टायरच्या अंगावर चार आकडे दाखवले, २३१९. म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक होती, पण रबर सहा वर्षांचं, चारही बदलायचे. पुढच्या काचेवरची खूण बाकीच्या काचांशी जुळत नव्हती. डॉक्टरांना फोन लावला तर "हो, कऱ्हाडजवळ ट्रकचा दगड लागला होता" म्हणाले. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग शाबूत होता, म्हणजे पुढून ठोकलेली नाही. गालिचा उचलून खाली हात घातला, कोरडं. सीटच्या रुळांवर गंज नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात माती नाही.

गाडीत काही सापडत नव्हतं. माझी धडधड वाढत चालली.

मग आबा बॉनेटवर वाकले आणि म्हणाले, "इंजिन कुठाय?"

समोर काळ्या प्लॅस्टिकचं मोठं झाकण, मधोमध तारा. आबांना वाटलं इंजिन काढून ठेवलंय. पोरानं हसत झाकण उपटून बाजूला ठेवलं. खाली पाइप, वायरी, अजून पाइप. आबांनी डोकं खुपसलं, या बाजूनं, त्या बाजूनं. "वरनं काय दिसत न्हाई," म्हणाले. पोरानं गाडी रॅम्पवर घेतली, वर उचलली, खालचा पत्रा सोडवला आणि मोबाइलची बॅटरी लावून दिली.

आबा रॅम्पखाली गेले. वय चौऱ्याहत्तर, डाव्या तर्जनीचं टोक बँडसॉनं नेलेलं. त्याच बोटानं त्यांनी इंजिनाच्या ब्लॉकला हात लावला, आधी टिचकी मारली, मग तळवा टेकवला.

"बीड हाय की रं हे!"

"हो काका. ब्लॉक कास्ट आयर्न. हेड अॅल्युमिनियमचं."

"मला वाटलं असल्या गाडीत काय सोन्याचं-बिन्याचं असंल." ते बोटानं काहीतरी शोधत होते. सापडलं. ब्लॉकच्या अंगावरून जाणारी, केसापेक्षा थोडी जाड अशी उंच रेघ. "ही बघ पार्टिंग लाइन. वरचा साचा हितं बसला, खालचा हितं. बघ हात लावून." मी हात लावला. रोज शॉपमध्ये दीडशे कास्टिंग हाताखालून जातात, ही रेघ मी रोज बघतो. पण आबा ती मला पहिल्यांदा दाखवल्यासारखी दाखवत होते.

त्यांनी चाळीस वर्षं शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांचे पॅटर्न केले, सागवानाचे. त्यांची पट्टी वेगळी असायची. लहानपणी मी ती शाळेत नेली आणि भूमितीत माझी सगळी उत्तरं चुकली. मास्तरांनी पट्टी उलटीसुलटी करून बघितली, त्यांनाही कळेना. घरी आल्यावर आबांनी समजावलं. वितळलेलं बीड निवताना आकसतं, मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर. म्हणून लाकडाचा पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दर वेळी कुठं हिशेब करत बसायचं? त्यापेक्षा पट्टीच तेवढी लांब आखलेली असते. तिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा सेंटिमीटरभर मोठा. साच्यातून काढलेलं कास्टिंग गरम असताना कुणी कॅलिपर लावला की ते ओरडायचे, "तापल्यालं मोजू नगो. निवल्यावर मोजायचं."

रॅम्पखाली मला वाटलं, आता ते हेच म्हणणार. गाडीबद्दल, माझ्याबद्दल. ते म्हणाले नाहीत. त्यांचं लक्ष दुसरीकडंच होतं. "पाण्याच्या वाटंचा कोअर कसा बसवला असंल रं ह्यानी? एवढ्या पातळ भिंतीत?" कोअर म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा.

पोरानं मला बाजूला घेतलं. "दादा, गाडी चांगली आहे. एवढी बरी मी वर्षभरात बघितली नाही. घ्या. पण वर साडेतीन लाख वेगळे ठेवून घ्या." टायर, बॅटरी, गिअरबॉक्सचं तेल, पुढच्या डिस्क, खालचे बुश असं त्यानं बोटांवर मोजलं. बुश मी माझ्या लेथवर काढून देतो म्हणालो, तर हसला, "रबराचे आहेत, दादा." टायमिंग चेन या इंजिनात मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिचा आवाज आला तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. आत्ता आवाज नव्हता. आणि उद्यमनगरात काहीही बनतं हे खरं, पण एखादा इलेक्ट्रॉनिक मॉड्युल गेला तर नवा आणून बसवून भागत नाही, त्याचं कोडिंग करावं लागतं, गाडीनं त्याला ओळखावं लागतं. "सगळं पहिल्याच वर्षी लागेल असं नाही. पण लागलं तर पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणता येत नाही हिला."

साडेतीन लाख नव्हते असं नाही. होते. पण ते शॉपचे होते, जूनसारख्या महिन्यासाठी ठेवलेले, आणि त्यावर नऊ घरांची नावं होती.

येताना आबा मागच्या सीटवर बसले. पुढं बसा म्हटलं तर नको म्हणाले, हात काळे झाले होते. हात मांडीवर उताणे ठेवून, कुठंही न टेकता, नागाळा पार्कापर्यंत आले. सीट मऊ आहे की कडक, हे त्यांना कळलं असेल असं वाटत नाही. मी आरशात बघत होतो. गाडी कुणाला दाखवायची होती, हा टाळलेला प्रश्न तिथं मागच्या सीटवर बसला होता आणि त्याचं गाडीकडं लक्षच नव्हतं. तो कोअरचा विचार करत होता.

डॉक्टरांना मी तीन दिवसांचा वेळ मागितला. इसार दिला नाही. सोमवारी शॉपमध्ये एक लॉट रिजेक्ट होऊन आला. मंगळवारी नाही आला. बुधवारी रात्री वही परत उघडली. निवल्यावर इच्छा किती आकसली ते बघायचं होतं. आकसली होती, पण बिडाइतकीच. मीटरमागं दहा मिलिमीटर. बाकी सगळी जशीच्या तशी शिल्लक होती, दार लावल्यावर तुटणाऱ्या आवाजासकट. म्हणजे नाही म्हणायचं ते इच्छा असतानाच म्हणावं लागणार होतं.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांना फोन करून नाही म्हणालो. त्यांना वाईट वाटलं नाही. जयसिंगपूरचं कुणीतरी बघून गेलंय म्हणाले, तेही सीटबेल्ट ओढून. ठेवताना त्यांनी विचारलं, "तुमचे वडील गाडीखाली तासभर काय बघत होते हो? तो मेकॅनिक सांगत होता." मी म्हणालो, "ब्लॉक."

आबांना हे अजून सांगितलेलं नव्हतं. फोन ठेवून आत आलो तर ते जेवणाच्या टेबलावर. गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर निळ्या-लाल पेन्सिलीनं चार सिलिंडर काढलेले, भोवती पाण्याची वाट तुटक रेघेनं. शेजारी ती पट्टी. ट्रंकेतून कधी काढली, कुणाला माहीत. दहा-बारा वर्षांत मी ती बघितली नव्हती.

"त्या पोराला विचार," मान वर न करता ते म्हणाले, "गाडी परत वर कधी उचलनार. कोअर एका बाजूनं काढलाय का दोन्ही, ते बघायचं ऱ्हायलं माझं."

"विचारतो," मी म्हणालो. बाहेर पायरीवर येऊन मेकॅनिकला फोन लावला. तसल्याच इंजिनाची दुसऱ्या कुणाची गाडी या आठवड्यात रॅम्पवर चढणार आहे का, म्हटलं.